मूठभर गहू

कमळाकर सरांनी इंग्लंडहून दोन गोष्टी आणल्या होत्या: पाठदुखी आणि एक पिवळं कार्ड. पाठदुखी त्यांच्यापाशीच राहिली, कार्ड मात्र वाशीच्या त्या हॉस्पिटलातल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरच्या खिशात आलं. काही भयंकर घडलं, की तिथे हजर असलेल्या सगळ्यांना आठ-दहा दिवसांत एकत्र बसवायचं, कार्डावरचे सात प्रश्न विचारायचे आणि त्यांना बोलतं करायचं. साल शहाण्णव. डॉक्टरने रडायचं तर संडासाची कडी लावून, हा तोवरचा रिवाज.

आज बैठक घ्यायची पाळी शिकाऊ डॉक्टर क्षिप्राची होती. आठ दिवसांपूर्वी तुर्भ्याच्या एका गोदामात गव्हाच्या गोण्यांची थप्पी कोसळली आणि तिच्याखाली सापडलेला कृष्णात नावाचा तेवीस वर्षांचा माथाडी कॅज्युअल्टीत क्षिप्राच्या हातांखालीच गेला. पाऊण तास ती त्याची छाती दाबत होती. मग तिने हात धुतले आणि कँटीनमध्ये दोन बटाटेवडे खाल्ले, चटणी मागून घेऊन. त्यानंतर रडू नाही, झोपमोड नाही, काहीच नाही. ज्याच्या मनाचा असा दगड झाला त्याने डॉक्टरकी करू नये, हे तिने ठरवून टाकलं होतं. नोकरी सोडत असल्याचं पत्र ॲप्रनच्या खिशात होतं. बैठक संपली की सरांच्या हातात द्यायचं. नंतर काहीतरी द्यायचंय, एवढंच तिने सरांना सकाळी सांगितलं होतं.

"सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" तिने चौथा प्रश्न वाचला.

"कशाचा नाही," शालन सिस्टर म्हणाल्या. "आपलं रोजचंच आहे."

"मी एकदम ठीक," इंटर्न आमिर म्हणाला. "टेन्शन नाय."

चला, सुटलो, म्हणून क्षिप्रा पाचव्या प्रश्नाकडे वळली, तोच कोपऱ्यात बसलेल्या सरांनी दाराकडे पाहिलं. दाराशी कॅज्युअल्टीची आया बयाबाई उभी होती. खुर्च्या चारच मांडल्या होत्या. लादी पुसणाऱ्या बाईलाही त्या दिवसाचं काही वाटलं असेल, हे खरं सांगायचं तर एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

क्षिप्राने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली. "मावशी, बसा. तुम्हाला विचारायचं राहिलंच."

बयाबाई खुर्चीच्या कडेला टेकली. पदराखालून तिने औषधाची एक रिकामी बाटली काढली. तिच्यात मूठभर गहू होते.

"त्याच्या केसांतून, खिशांतून पडत होतं, बाय. आख्खी लादी भरली. झाडू घेतला हातात, पन अन्नाला झाडू कसा लावू? बसून हातानं येचलं. आता घरी न्यावं तं शिजवाया हात होत नाय, आनि टाकवत बी नाय. आठ दिस कपाटात हाय. मी करू काय याचं?"

कार्डावर याचं उत्तर नव्हतं. शालन सिस्टरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. आमिरचं 'एकदम ठीक' कुठल्या कुठे गेलं.

बैठक घेणाऱ्याने स्वतःचं काही सांगायचं नाही, हा सरांचा नियम. क्षिप्रा खाली वाकली. कॅनव्हासच्या बुटाची लेस सोडून तिने बूट तळहातावर झटकला. गव्हाचा एक दाणा पडला.

"माझ्याकडेपण आहे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून टाचेखाली. रोज बूट घालते, रोज कळतं. काढला नाही."

तिने तो दाणा बाटलीत टाकला.

"त्याचा भाऊ गुरुवारी सर्टिफिकेट न्यायला येणार आहे," शालन सिस्टर भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "गावाला शेत आहे म्हणत होता."

"मग त्यालाच देऊ या," आमिर म्हणाला. पण देणार कोण? भावाच्या तोंडाकडे बघायचं कुणी?

"मी देते," क्षिप्रा म्हणाली.

सगळे उठले. दाराशी सरांनी विचारलं, "तुला काहीतरी द्यायचं होतं ना मला?"

"गुरुवार होऊ दे, सर."

मग ती एकटीच वाकून लेस बांधत बसली. दाणा निघाला होता, तरी टाच दुखत होती. चांगलीच दुखत होती.