कोरड्या शॉवरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना शॉवर आहे. न्हाणीघरातला नव्हे, माझ्याखाली साबण चोळत कोणी गाणी म्हटलेली नाहीत. अलेक्झांड्रियातल्या एका विद्यापीठात, संशोधकांच्या सामाईक रसायनशाळेत, अगदी दाराजवळ मी उभा आहे. अंगावर आम्ल सांडले, डोळ्यात काही उडाले, तर माझी साखळी ओढायची आणि धो धो पाण्याखाली उभे राहायचे. एवढ्या एकाच कामासाठी माझा जन्म झाला.

मला घडवले कैरोतल्या शुब्रा भागातल्या एका कारखान्यात. पिवळाधमक रंग दिला, रुंद तोंडाची झारी बसवली. इथे आलो त्या दिवशी तेव्हाच्या विभागप्रमुखांनी स्वतः साखळी ओढली आणि त्यांचे नवे बूट भिजून चिंब झाले. सगळे पोट धरून हसले. माझे कौतुक झाले ते तेवढेच. पुढे समुद्राच्या खाऱ्या हवेने रंग सोलून काढला आणि मी खुंटी झालो. माझ्या नळीला कोट लटकले, पिशव्या लटकल्या, रमझानात कंदिलांच्या माळासुद्धा लटकल्या.

या खोलीत चार गट काम करतात. शेजारच्या बेसिनमध्ये भांड्यांचा ढीग कायमचा. हा गट म्हणे भांडी त्यांची, तो गट म्हणे यांची, आणि भांडी तिथेच आंबत पडत. बाटल्यांचेही तेच. एखादीवर नुसते ‘कचरा’ लिहिलेले असे. आत काय आहे, ते विचारायला ठेवणारा जागेवर असेल तर ना!

या सगळ्यांत रौदा नावाची एकच मुलगी वेगळी होती. ती डॉक्टर इनआम यांच्या हाताखाली संशोधन करत असे. दर गुरुवारी ती माझ्याखाली बादली ठेवून साखळी ओढायची. हाझिम नावाचा दुसऱ्या गटातला संशोधक तिला हमखास छेडायचा.

“काय गं रौदा, झाली का तुझ्या म्हाताऱ्याची आंघोळ?”

“हस बाबा, हस! अंगावर सांडेल ना, तेव्हा याच म्हाताऱ्याच्या गळ्यात पडशील.”

मला ती पोर फार आवडे. मी तिच्यासाठी मनापासून बरसत असे.

मग इनआमबाईंचे वडील, हाजी बदावी, वारले. गेलेल्या माणसाच्या नावाने गार पाण्याचा कूलर बसवायचा, पिणाऱ्याच्या प्रत्येक घोटाचे पुण्य त्याच्या पदरात, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. बाईंनी आमच्या दाराबाहेरच कूलर बसवला. वर संगमरवराची पाटी: ‘हाजी बदावी यांच्यासाठी दुआ करा.’ नळाचे काम करणारा कारागीर, उस्ता मुतवल्ली, आला. सर्वांत जवळची जाड नळी माझी. त्याने तिथूनच फाटा काढला. कूलरला दाब पुरेना, म्हणून माझा कॉक बंद केला आणि कोणी उघडू नये म्हणून त्याची मूठही खिशात घातली.

“या लोखंडाला थोडीच तहान लागते?” तो हसून म्हणाला.

गुरुवारी रौदाने साखळी ओढली. मी नुसता खोकलो. ती तडक बाईंकडे गेली.

“डॉक्टर, शॉवरचं पाणी तोडलंय. कूलर दुसऱ्या नळीवर घ्यायला सांगा ना.”

“दुसरी नळी म्हणजे भिंत फोडायची. आणि तोवर कूलर बंद? रौदा, माझ्या बापाचं पुण्य तोडायला सांगतेस तू मला?”

“तसं नाही हो डॉक्टर, पण कुणाला काही झालं तर...”

“आजवर कुणाला काय झालंय? पाणी पी, दुआ कर आणि कामाला लाग.”

मेलेल्या माणसाच्या पुण्यापुढे कोण बोलणार? रौदा आपल्या टेबलाकडे परतली. येणारे-जाणारे गार पाणी पीत, “अल्ला हाजींवर दया करो” म्हणत. मी दाराआडून ऐकत असे आणि आतल्या आत जळत असे. तहानलेल्याला पाणी देणे वाईट, असे मी कसे म्हणू? पण मी काय पाप केले होते?

एका दुपारी रौदाने काम आटोपले, डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा काढला, कोट काढला आणि ती निघाली. वाटेतल्या टेबलावर हाझिमची बाटली होती. आम्ल आणि पेरॉक्साइड यांचे उरलेले मिश्रण त्याने त्यात ओतले होते आणि वास नको म्हणून बूच घट्ट आवळले होते. अशा मिश्रणातून वायू निघत राहतो, बूच आवळायचे नसते, हे त्याला शिकवलेले होते. बाटली फुटली आणि मिश्रण रौदाच्या तोंडावर उडाले.

रौदा किंचाळत माझ्याकडे धावली. सवयीने तिचा हात बरोबर साखळीवर पडला. तिने ओढली. पुन्हा ओढली. मी काय देणार होतो? गंजाची चिमूटभर भुकटी तिच्या केसांवर पडली.

हाझिम बेसिनकडे धावला. तिथे डोके घालायला जागा नव्हती. तो भांडी खाली फेकू लागला. “कूलर! कूलरचं पाणी आणा!” कोणीतरी ओरडले. इनआमबाई बाहेर धावल्या. कूलरची बारीक धार, साखळीने बांधलेला एकच पेला. बाईंनी हिसडा मारून साखळी तोडली आणि बापाच्या नावाखाली उभ्या राहून तो पेला भरू लागल्या.

“लवकर भर रे, लवकर भर!” त्या कूलरलाच ओरडत होत्या.

बेसिन रिकामे होईपर्यंत रौदाच्या वाट्याला पेल्यापेल्याने पाणी आले. डावा डोळा वाचला. उजवा गेला.

आणि मित्रांनो, लोक काय म्हणाले ठाऊक आहे? “हाजींच्या पाण्याने पोरीचा डोळा वाचवला!” कूलरपुढे रांग वाढली. माझी मूठ मात्र उस्ताच्या खिशातच राहिली.

काही महिन्यांनी रौदा परतली. तिने बादली ठेवली आणि साखळी ओढली. बादली कोरडीच. ती इनआमबाईंच्या खोलीपर्यंत गेली, पण आत शिरली नाही. दारातच उभी राहिली. बाई तिच्याकडे बघेनात.

“डॉक्टर, आपल्याकडे गेलेल्यांच्या नावाने पाणी देतात ना? माझा उजवा डोळा गेलाय. त्याच्या नावाने एक नळी जोडून द्या.”

बाई हुंदके देऊन रडू लागल्या. दुसऱ्याच दिवशी भिंत फोडली गेली, कूलर दुसऱ्या नळीवर गेला आणि मूठ माझ्या कॉकवर परत आली. रौदाने साखळी ओढली तेव्हा आधी तांबडे पाणी आले, मग स्वच्छ. ती बादलीकडे बघत राहिली. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या प्रयोगशाळेतही माझा एखादा भाऊ दाराशी उभा असेल. त्याच्यावर पिशव्या टांगू नका. बाटलीवर आतल्या द्रव्याचे आणि आपले नाव लिहा, बेसिन मोकळे ठेवा आणि काही झालेले नसताना त्याची साखळी ओढून बघा.

रौदा आता पदवी घेऊन दुसऱ्या गावी गेली आहे. माझ्या नळीवर पुन्हा कोट लटकू लागले आहेत. ती गेल्यापासून एकाही गुरुवारी बादली आलेली नाही. माझ्या नळीत आज पाणी आहे की नाही, हे मलाही माहीत नाही.