रक्त घेणाऱ्याची सही

वरच्या मजल्यावर बाळ तिसऱ्यांदा किंचाळलं आणि अपेक्षाच्या हातातली फाईल हातातच राहिली. म्हणजे दोन्ही कोपरांत टोचून झालं होतं, आता मनगट. तिच्या जागी रक्त घेणाऱ्या ऋतुजाचा हात वाईट नव्हता, घाबरट होता. तान्ह्या मुलांच्या बाबतीत दोन्ही सारखंच.

नऊ वर्षं रक्त घ्यायचं ते टेबल अपेक्षाचं होतं. मूल लहान असलं की सोलापुरातले डॉक्टर चिठ्ठीवरच लिहायचे, अपेक्षा मॅडमकडे पाठवा. महिन्यापूर्वी ती बाळंतपणाच्या रजेवरून परतली आणि पहिल्याच आठवड्यात तिने अर्ज दिला. घर जवळच शुक्रवार पेठेत आहे, अकराला आणि चारला लेकीला, काव्याला, पाजून येते, कायद्यात तशी सोय आहे. ‘कायद्यात’ हा शब्द मॅनेजर युवराज सरांना झोंबला. दुसऱ्या दिवशी ती लॅबच्या तळघरात होती, दहा वर्षांपूर्वीचे रिपोर्ट सालवार लावत. ते रिपोर्ट वाळवीशिवाय कुणालाही नको होते.

आज सकाळी सरांनी टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवला. सही करा, नाहीतर सोमवारपासून सकाळी सातला थेट कर्नाटकच्या सीमेजवळ, मैंदर्गीच्या सेंटरवर. पाचपर्यंत सांगा. पोटावर पाय देतानाही माणसं किती नीटनेटकं टाइप करतात.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून परत आली. रक्त घ्यायच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद होती. बाळाचा आवाज आता बसत चालला होता आणि तिचीच बोटं शिवशिवत होती.

मग युवराज सर खाली आले.

“मॅडम, जरा वर येता का?”

महिनाभरात ‘मॅडम’ प्रथमच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढव कोण, हे ठरवायला तिला सवड नव्हती. ती धावतच वर गेली.

मैंदर्गीची नागव्वा तापाने फणफणलेल्या नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. आता नगं, लई टोचलं, म्हणत तिने बाळाचे हात पदराखाली लपवले होते. अपेक्षाने वाद घातला नाही. कोमट पाण्यात फडकं पिळून तिने ती इवलीशी मूठ गुंडाळली आणि थांबली. ऋतुजाला बाळाचं कोपर धरायला सांगितलं. हाताच्या पाठीवर शीर दिसत नव्हती, पण बोटाला लागली. एकदाच सुई. नळीत रक्त उतरलं.

बाळाने टाहो फोडला आणि अपेक्षाला पान्हा फुटला. पांढऱ्या एप्रनवर दोन ओले डाग पसरले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागव्वाने पाहिलं. “घरी लेकरू हाय व्हय?”

“सात महिन्यांचं.”

“मग तू हितं काय करतीस, तंगी?” मैंदर्गीकडे धाकट्या बहिणीला तंगीच म्हणतात.

अपेक्षाने मान खाली घालून फॉर्म ओढला. युवराज सर हळूच म्हणाले, रक्त घेणाऱ्याच्या जागी ऋतुजाची सही असू द्या, तुम्ही कागदोपत्री रेकॉर्ड विभागात आहात. गरज सरली होती. अपेक्षाने आपलं पूर्ण नाव लिहिलं. सरांनी ऋतुजाकडे पाहिलं.

“त्यांनीच घेतलं, सर,” ऋतुजा म्हणाली. “मला नाही जमलं.”

सरांचा चेहरा उतरला. सकाळचं काय ठरलं, असं त्यांनी जरा मोठ्यानेच विचारलं.

“मैंदर्गीला जाते,” अपेक्षा म्हणाली. “ऑर्डर लेखी द्या.”

बाळाला थोपटणारी नागव्वा थांबली. “मैंदर्गीत कुटली लॅब ओ? असती तर लेकराला घिऊन दोन गाड्या बदलत हितं कशाला आलो असतो?”

सरांनी टेबलावरचे फॉर्म सारखे केले. मग म्हणाले, सेंटर सुरू होणार आहे.

“मग तसं लिहून द्या. कधी, कुठं, सगळं.”

“उद्या बघू.”

“उद्या नको. मी थांबते.”

सर केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. अपेक्षा केबिनसमोर पेशंटांच्या बाकावर जाऊन बसली. चार वाजत आले होते, पाजायला घरी जायची वेळ. काव्या एव्हाना सासूबाईंच्या खांद्यावर मुठी चोखत असेल, वाटी-चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवत असेल, हे तिला इथे बसून दिसत होतं. एप्रनवरचे डाग मोठे होत गेले. समोरची माणसं बघत होती. तिने हात आडवे धरले नाहीत.

चार वाजून गेले. ती उठली नाही.