रेघोबाची पट्टी

काढेवाल्या बाबाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि सगळ्यांच्या नजरा पडद्यावर होत्या. पडदा हलला. एक ड्रायव्हर हातातली पांढरी पट्टी झेंड्यासारखी नाचवत बाहेर आला. "एकच रेघ," म्हणाला, आणि ढसाढसा रडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुडघे दाखवायला आलेल्या एका काकूंनी तर उभ्या राहून हात जोडले.

दवाखान्यात याच ड्रायव्हरच्या एचआयव्हीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या. इथे बाबाचा काढा पिऊन एक. म्हणजे आजार गेला. एवढं सोपं गणित शाळेत असतं तर मी शाळा सोडली नसती.

बाबाला मी रेघोबा म्हणायचे. तेही मोठ्याने. रेघोबा सुई टोचत नसे. "रक्त काढतात ते ढेकूण," तो सांगायचा. "आम्ही शरीराचं पाणी बघतो. पाणी खोटं बोलत नाही. आणि त्या गोळ्या? घरात एक चोर शिरला म्हणून कोणी दुसरा पाळतं का?" लोक माना डोलवायचे. मग ज्याने त्याने प्लास्टिकचा कप घेऊन संडासात जायचं, भरलेला कप पडद्यामागे द्यायचा आणि खाली मान घालून बसायचं. आजाराचं नाव काढायचं नाही, काही विचारायचं नाही. हा नियम रेघोबाने केलेला नव्हता. तो आम्हीच घरून घेऊन आलो होतो.

माझा दादा फर्निचरला पॉलिश करतो. कारखान्यात त्यालाही हाच आजार असल्याचं कळलं तेव्हा आधी चहाचा ग्लास वेगळा झाला, मग बसायची जागा. भांडला असता तर बरं. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा वहिनीला म्हणाला, "मी नसतो तर तुम्ही सुटला असतात." तेव्हापासून वहिनी त्याला आतून कडी लावू देत नव्हती.

आणि रेघोबाकडे त्याची पट्टी एकरेघी निघाली. त्या दिवशी दादा हसला. घरी येऊन गोळ्यांची बाटली कचऱ्यात टाकली. मी उचलून आणली तर माझ्यावरच खेकसला. "तुला माझं बरं झालेलं बघवत नाही."

"खोटं बरं झालेलं नाही बघवत," मी म्हटलं. आमचं बोलणं बंद.

पुढच्या खेपेला रेघोबाने फर्मान काढलं, घरच्यांचीही शुद्धी करायची. वहिनीची दवाखान्यात तपासणी झालेली, तिला आजार नाही. तरी दादाच्या समाधानासाठी ती कप देऊन आली.

थोड्या वेळाने रेघोबा स्वतः पडद्याबाहेर आला, पट्टी उंच धरून. "दोन रेघा. मूळ इथे आहे. नवऱ्याला हिनेच लावलं."

खुर्च्या सरकल्या. गुडघेवाल्या काकूंनी नाकाला पदर लावला. दादा पांढराफटक. मी पुढे धावणार, तेवढ्यात वहिनीने ती पट्टी रेघोबाच्या हातातून काढून घेतली, उलटसुलट बघितली आणि चक्क हसली.

"ही पट्टी ओळखीची आहे की. गेल्या महिन्यात आमच्या मोरीत होती," ती म्हणाली. "बाबा, मला दिवस गेलेत."

हे घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं. 'नवऱ्याला तसलं असून मूल?' असं लोक म्हणतील म्हणून आम्ही लपवलं होतं.

मी पडद्यामागे घुसले. टेबलाखाली खोकं, खोक्यावर हसरं बाळ. उचलून सगळ्यांसमोर आपटलं. "वाचा. गर्भ राहिलाय का ते बघायची पट्टी आहे ही. राहिला असेल तर दोन रेघा, नसेल तर एक."

"अविश्वासाने पट्टी बिघडते," रेघोबा म्हणाला, पण चप्पल शोधत.

मी नळाचं पाणी आणलं, त्यात नवी पट्टी बुडवली. एक रेघ. "घ्या, नळही बरा झाला."

ड्रायव्हरने आपली पट्टी खिशातून काढली. "मग माझी?"

"तुम्ही गरोदर नाही, एवढंच कळलं."

लोक हसले. तो नाही हसला. त्यानेही गोळ्या सोडल्या होत्या.

बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, "मला खरंच बरं वाटत होतं गं."

आम्ही त्याला तसाच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. वाटलं, गोळ्या सोडल्या म्हणून झापतील. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि विचारलं, "झोप लागते?" दादाने नकारार्थी मान हलवली. "जगणं नकोसं होतं?" त्याने वहिनीकडे बघितलं. मग म्हणाला, "रोज." बाईंनी बाहेरचे पेशंट थांबवले. "यावरही उपचार आहेत," त्या म्हणाल्या. "आधी त्याचंच बोलू."

आज त्याने गोळी आमच्यासमोर घेतली. चिडचिड करत, पण घेतली.

आता सरळ सांगते. हा आजार काढ्याने जात नाही. रोजच्या गोळीने विषाणू इतका दबून राहतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा राहिला तर जोडीदारालाही लागत नाही. एका ग्लासातून चहा प्यायल्याने तर कधीच लागत नाही. रेघोबा हुशार नव्हता हो. आपण विचारायला लाजलो, त्यावर त्याचं दुकान चाललं. तेव्हा विचारा, मोठ्याने विचारा. आणि तुमच्या कामावर कोणाचा ग्लास वेगळा ठेवला असेल, तर उद्या जाऊन त्याच्या शेजारी बसा.