रुम्यानाचा हिरवा दाखला

मी रुम्यानाचा रहिवासी दाखला. हिरवा, तळहाताएवढा. हसू नका, दाखल्यालाही बोलता येतं. खिडकीपुढच्या रांगेत त्याला कुणी बोलू देत नाही, एवढंच.

माझा जन्म बारा वर्षांपूर्वीचा. हिवाळ्यातली सकाळ होती. शहरातल्या पोलीस कचेरीत, परदेशी नागरिकांच्या खिडकीमागच्या यंत्रातून मी गरमागरम बाहेर पडलो. माझ्यावर फोटो नाही. नाव, देश, एक लांबलचक नंबर, पत्ता, आणि ही बाई कोणत्या तारखेपासून स्पेनमध्ये राहते ती तारीख. खाली गोल शिक्का. युरोपीय संघातल्या एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहायला परवानगी लागत नाही, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. पण आपण राहतोय हे सांगायला कागद लागतो, आणि तो कागद म्हणजे मी.

त्या दिवशी मी जन्मायच्या आधीच मरत होतो. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, "इथेच राहणार ना?" रुम्यानानं मान आडवी हलवली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग आलात कशाला बाई? माझा चेहरा बघायला?"

बिचारी गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं आणि तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं घट्ट धरलं. "हो, हो, राहणार! आमच्या बल्गेरियात होकाराला मान अशीच हलते."

"मग इथे मान घरी ठेवून येत जा. तोंडानं बोला."

तेव्हापासून कुठल्याही कचेरीत शिरली की रुम्याना मान ताठ ठेवते, जणू डोक्यावर पाण्याची घागर आहे.

तिच्या पाकिटात, वडिलांच्या फोटोमागे माझं घर झालं. बँकेत, दवाखान्यात, फोनच्या दुकानात, सगळीकडे मी तिच्याबरोबर गेलो. माझ्यावर फोटो नाही म्हणून पासपोर्ट लागायचा, आणि पासपोर्टवर इथला नंबर नाही म्हणून मी लागायचो. आंधळा आणि पांगळा मिळून गाव फिरतात, तसे आम्ही दोघं.

बाईचं कौतुक किती सांगू? तिच्याकडे एक निळी फाइल होती. तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स. मागितलेला कागद तर ती द्यायचीच, न मागितलेलाही काढून द्यायची. खिडकीतला माणूस खेकसला तरी आवाज चढवायची नाही. "उद्या या" म्हटलं की उद्या जायची, तेही उघडायच्या आधी अर्धा तास. एकदा जिन्यात लिथुआनियाचा एक धिप्पाड ट्रकवाला डोकं धरून बसला होता. त्याच्या हातातला फॉर्म चौथ्यांदा परत आला होता. रुम्याना त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि मांडीवर फाइल ठेवून तिनं त्याचा फॉर्म भरून दिला. त्याची भाषा हिला येत नव्हती, हिची त्याला. दोघांनी मोडक्या स्पॅनिशवर निभावलं. तोवर तिचा नंबर निघून गेला. ती पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

शहराबाहेरच्या ज्या गावात रुम्याना राहायची, तिथे ती कासिल्दाबाईंकडे कामाला होती. कासिल्दाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, एकट्या, हातात काठी, जीभ काठीपेक्षा कडक. त्यांना आंघोळ घालणं, मसूर शिजवणं, औषधं देणं, संध्याकाळी चौकापर्यंत फिरवून आणणं हे सगळं रुम्याना करायची. म्हातारी दिवसभर तिच्यावर कुरकुर करायची आणि ती घरी गेली की खिडकीतून रस्ता बघत बसायची.

वर्षं गेली तसा मी झिजलो. घडीवर विरलो, कोपरे फाटले. हे कासिल्दाबाईंनी पाहिलं होतं. रुम्यानाच्या वाढदिवसाला त्यांनी तिच्या पाकिटातून मला गुपचूप काढलं आणि स्टेशनरीच्या दुकानात नेऊन माझं लॅमिनेशन करून आणलं. त्यांच्या घरातल्या चित्रांमधले सगळे संत असेच प्लास्टिकमध्ये होते, त्यांच्या पंगतीला मीही बसलो.

"पाकीट उघड, पोरी," त्या ऐटीत म्हणाल्या. "आता तुझा कागद माझ्यापेक्षा जास्त जगेल."

रुम्यानानं पाकीट उघडलं. गरम प्लास्टिकनं माझी शाई उतरली होती. तारखेच्या जागी निळा डाग, शिक्क्याचा नुसता ढग. तिला ते पहिल्या नजरेतच दिसलं. मला तिच्या बोटांतून कळलं ते. पण तिनं म्हातारीच्या गालाचा मुका घेतला. "किती छान झालंय, कासिल्दाबाई."

प्लास्टिकच्या आत मला घाम फुटला.

पुढच्या वसंतात नगरपालिकेनं म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करणाऱ्या बाईची एक कायम जागा काढली. कासिल्दाबाईंची मुलं दूर बिल्बाओ शहरात. थोरल्यानं फोनवर आईला सरळ सांगितलं होतं, "ती जागा मिळून रुम्याना गावात कायम राहिली तर तू घरी राहा. नाहीतर सप्टेंबरपासून वृद्धाश्रम. आम्हाला इथे झोप लागत नाही." अर्जाची मुदत तीस जून, दुपारी दोन.

रुम्याना निळी फाइल घेऊन नगरपालिकेत गेली. तिथली सेक्रेटरी, पुरी नावाची, तिची मैत्रीणच. पुरीनं मला उजेडात धरलं.

"हे काय करून ठेवलंस गं? तारीख कुठाय? किती वर्षं राहतेस ते यावरून मोजतात."

"मीच केलं. जपायला म्हणून," रुम्याना म्हणाली.

"मग आता नवा आण. तीसला दोनच्या आत. दोन वाजले की मी दार ओढते, मग तू माझी सख्खी बहीण असलीस तरी."

नवा दाखला म्हणजे पोलीस कचेरीची अपॉइंटमेंट. ती फक्त इंटरनेटवर मिळते, म्हणजे मिळत नाही. पडद्यावर रोज एकच ओळ: सध्या वेळ उपलब्ध नाही. रुम्याना पहाटे उठून बघायची, भाजी चिरताना बघायची. आठ दिवस गेले. शेवटी बारवाल्या फेर्मीनला कळलं, आणि फेर्मीनला कळलं म्हणजे गावाला कळलं. त्यानंच कासिल्दाबाईंसमोर जीभ सैल सोडली. "त्या लॅमिनेशननं पोरीचा घात केला बघा."

त्या दिवशी म्हातारीनं मसूर तसाच ठेवला. रुम्यानाला एवढंच विचारलं, "बोलली का नाहीस मला?"

"तुम्ही प्रेमानं केलंत."

"प्रेमानं गाढवसुद्धा लाथ मारतं," कासिल्दाबाई म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी आठला त्या काठी टेकत बारमध्ये येऊन बसायला लागल्या. कॉफी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हुकूम: आधी मोबाईल काढा. पाच-सहा जण एकाच वेळी तोच पडदा उघडून बसायचे.

"काय दिसतंय, फेर्मीन?"

"तेच. तोवर एखाद्या संतानं दर्शन दिलं असतं."

"संतांची अपॉइंटमेंट लवकर मिळते. तू बटण दाब."

सतराव्या सकाळी फेर्मीननं इतक्या जोरात आरोळी ठोकली की कपबशी फुटली. वेळ मिळाली होती. तीस जून, सकाळी दहा.

तीस जूनला फेर्मीननं बारच्या दाराला चिठ्ठी लावली: रुम्यानाच्या कागदासाठी शहरात गेलोय, कॉफी घरी प्या. त्याच्या गाडीत मागच्या सीटवर कासिल्दाबाई. "तुम्ही कशाला?" रुम्यानानं तीनदा विचारलं. म्हातारीनं तीनदा ऐकू आलं नाही असं दाखवलं.

खिडकीत या वेळी एक तरुण बाई होत्या. त्यांनी पासपोर्ट पाहिला, नगरपालिकेचा रहिवासाचा उतारा पाहिला, मला पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "हा खराब कुणी केला?"

"मी," रुम्याना म्हणाली.

काठी फरशीवर आपटली. "खोटं बोलतेय ती! जन्मात पहिल्यांदा बोलतेय, म्हणून तिला धड जमतही नाही. मी केला. मला पकडायचं असेल तर पकडा, पण लवकर, आम्हाला दोनच्या आत परत जायचंय."

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. बारा वर्षांचा उतारा, कामाचे करार, सगळं फाइलमधून एकेक पुढे आलं. न मागितलेलंही. त्या वाचत राहिल्या. मग पेन उचलून विचारलं, "कायमच्या रहिवासाला पात्र आहात तुम्ही. नवा दाखला तसाच काढू? कायमच्या राहणार?"

आणि रुम्याना मान ताठ ठेवायला विसरली. डोळे भरलेले आणि मान आडवी, जोरजोरात.

पेन थांबलं.

"म्हणजे हो, बाई," कासिल्दाबाई म्हणाल्या. "लिहा."

यंत्रातून माझा धाकटा भाऊ बाहेर आला. हिरवा, गरम, तारीख स्पष्ट. मग बाईंनी मला पंचिंगच्या यंत्रात धरलं आणि माझ्या छातीत आरपार भोक पाडलं. दुखलं नाही. मी संपलो, एवढंच. "हा आता रद्द. हवा तर आठवण म्हणून ठेवा."

पावणेदोनला पुरीनं अर्जावर शिक्का मारला. ऑगस्टमध्ये यादी लागली, रुम्यानाचं नाव वर. थोरल्या मुलानं वृद्धाश्रमाला जागा नको म्हणून कळवून टाकलं.

आता मी कासिल्दाबाईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकतो, त्याच भोकातून. शेजारी दाराची किल्ली. कुणी पाहुणा विचारतो, हे काय? "प्लास्टिक माझं पाप," त्या सांगतात, "आणि भोक सरकारचं."

माझी तुम्हाला विनंती एवढीच, की दाखले पाकिटात वाटेल तसे झिजू द्या, पण प्लास्टिकमध्ये कोंडू नका. आणि रांगेत तुमच्यापुढे कुणी फाइल छातीशी धरून उभं असेल, तर त्याच्यावर खेकसू नका. त्या फाइलमध्ये कुणाचं तरी घर असतं.

रोज सकाळी दार वाजतं. कासिल्दाबाई पलंगावरूनच ओरडतात, "आलीस का गं? आहेस ना?"

रुम्याना आत येते, कोट उतरवते आणि मान आडवी हलवते. या घरात त्याचा अर्थ आता कुणी विचारत नाही.