काचेची काठी

अमेरिकेतल्या टोलेडोत पूर्वी माणसांपेक्षा बेडूक जास्त होते, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. दलदल बुजली, धुरांडी उभी राहिली, ट्राम आली. आणि हे सगळं आपल्याच फुंकरीवर उभं आहे, अशी काच फुंकणाऱ्या कारागिरांची पक्की समजूत. म्हणून कामगार दिनाच्या मिरवणुकीत ते स्वतः घडवलेल्या काचेच्या काठ्या मिरवत चालत. काठी फुटली तर दुसऱ्याच्या काठीचं टोक धरायचं, पण रांग सोडायची नाही, असा रिवाज.

यंदा कास्पर ब्रेनेके मात्र फुटपाथवर उभा होता. महिन्यापूर्वी त्याने माणसाच्या फुंकरीशिवाय बाटल्या घडवणाऱ्या नव्या यंत्रावर काम धरलं होतं. छाती साथ देईना, काय करणार! पण तेव्हापासून भट्टीवरच्या सोबत्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. वीस वर्षं ज्या रांगेत चाललो, तिथे आता आपल्याला जागा आहे का, हे विचारायचं त्याला धाडस होईना. तरी गड्याने आपली निळी काठी आणली होतीच, पेंढ्यात गुंडाळून.

"बाबा, जा ना," त्याची मुलगी ओटिली म्हणाली. ती कारखान्यात बाटल्या बांधायच्या कामावर होती.

"हाकलून दिलं तर?"

"तर या परत. घर काही पळून जात नाही."

बँड वाजत आला, मागोमाग काचवाले. सगळ्यांत पुढे फिनेगन, सगळ्यांत तोंडाळ. महिनाभर यानेच कास्परला टोमणे मारून नको जीव केला होता.

"काय रे, आज यंत्राने सुट्टी दिली वाटतं?" तो ओरडला.

रांग खो खो हसली. कास्परचे कान तापले. तो घराकडे वळणार, इतक्यात खळ्ळकन आवाज झाला. फिनेगनची लाल काठी दिव्याच्या खांबाशी चक्काचूर झाली होती.

"घ्या! फुटली मेली," म्हणत फिनेगन कास्परपुढे येऊन उभा राहिला. "बघतोस काय? काढ तुझी काठी. एक टोक माझं."

"अरे, पण बाकीचे..."

"रिवाज मोडायचाय का कुणाला?" फिनेगनने वळून रांगेला दरडावलं. रांग सरकली आणि दोघांपुरती जागा झाली.

दोघं चालू लागले. ओटिली शेजारून पळत आली. "फिनेगनकाका, आठ वर्षं काच हाताळतेय मी. ती अशी आपोआप नाही फुटत!"

"तू गप्प बस गं!" मग फिनेगन कास्परच्या कानाशी वाकला. "ते यंत्र... शिकायला फार अवघड आहे का रे? माझीही छाती घरघरायला लागलीय."

कास्परला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

"उद्या सकाळी ये," तो म्हणाला. "आणि नीट धर बाबा. आता दोघांत ही एकच उरलीय."