गुरुजींची तारीख

बिल्किसचं अंतर्देशीय पत्र १९९४च्या मार्चमध्ये आलं. "गुरुजी, पोरगी खोटं बोलली नाय. तारीख तेवढी खरी करा आणि तिला परत वर्गात बसू द्या. तुम्ही वेडी म्हटलंत, आता सगळं दासगाव म्हणतं." मी ते दोनदा वाचलं, शब्दकोशात ठेवलं आणि चौदा वर्षं उत्तर दिलं नाही.

मी तेव्हा दासगावच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. हल्ली पोलादपूरला असतो. पुस्तकांसाठी एस.टी.नं महाडला जातो. गेल्या आठवड्यात तिथल्या वाचनालयातून एका परदेशी बाईच्या आत्मचरित्राचा अनुवाद आणला. बाई ऑटिझम असलेल्या. कुठल्याही तारखेचा वार क्षणात सांगतात, आठ आकडी गुणाकार तोंडी करतात. मी हावऱ्यासारखं वाचलं, आणि वाचनालयाच्या पुस्तकात करू नयेत त्या खुणा पेन्सिलीनं केल्या.

परत करण्याआधी खुणा खोडायला बसलो. सगळ्या आकड्यांपाशी होत्या. टाळ्या वाजल्या की कानात खिळे गेल्यासारखं होतं, असं बाईंनी लिहिलं होतं. कुणी चुकीची तारीख सांगितली की दिवसभर अन्न गिळवत नाही, असंही. त्या पानांवर एकही रेघ नव्हती. ती मी वाचली तरी होती का? 

बिल्किसची मुलगी अम्बरीन चौथीत होती. मी तिला स्नेहसंमेलनात उभी केली. माकडवाल्यासारखा बाजूला उभा राहून पाहुण्यांना म्हणालो, "विचारा साहेब, कुठलीही तारीख!" टाळ्या झाल्या की ती कान दाबून किंचाळायची. मी तिचे हात खाली ओढायचो. किळस येते ती त्या ओढण्याची.

शेवटी पाहुणे आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, "आणि तुझ्या जन्माचा वार कोणता?"

"शनवार. नऊ फेब्रुवारी पंच्याऐंशी."

साहेबांनी मागवून हजेरीपट पाहिला. "इथं तर एक जून चौऱ्याऐंशी आहे."

"गुरुजींनी खोटं लिवलंय. एक जूनला शुक्रवार होता. मी शुक्रवारची नाय."

सभा हसली. पहिलीचा पट भरावा म्हणून मी निम्म्या शाळेला एक जून दिला होता, हे साऱ्यांनाच ठाऊक होतं. तोंडावर म्हणाली ती एकटी. दुसऱ्या दिवशी बिल्किसला बोलावून सांगितलं, "पोरगी वेडी आहे. उद्यापासून पाठवू नका."

पुस्तक परत करून महाडच्या स्टँडवर उभा होतो, तर बिल्किसचा भाऊ सईद दिसला. टेम्पो चालवतो. मी तोंड फिरवलं, पण त्यानं गाठलंच.

"काय गुरुजी, यंदा जूनात वाढदिवसाला नाय आलात?"

"कुणाच्या?"

"तुमच्या! एक जूनला आमच्याकडं गुरुजींची तारीखच म्हणतात." तो हसला, मग हसू आवरलं. "अम्बरीन घरातच हाय. अपंगाच्या दाखल्याचा अर्ज तीनदा आणला. त्यावर शाळेतली तारीख बघते नि फाडते. म्हणते, ही बाई मी नाय."

"मी काही करू शकतो का?" मी विचारलं.

"लिवलं कोणी? तुम्हीच ना?"

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच लिहायला बसलो. पहिल्या कागदावर वरून आलेला दबाव, त्या काळची पद्धत, माझी प्रकृती असं सगळं आलं. वाचून पाहिला. फाडला. दुसऱ्यावर लिहिलं: 'बिल्किसबाई, अम्बरीन खरं बोलली. तिची जन्मतारीख ९ फेब्रुवारी १९८५. १ जून मी चुकीची लिहिली.' 'चुकीची' खोडून 'खोटी' केलं. 'ती वेडी नव्हती. मला लाज वाटली म्हणून मी तसं म्हणालो. हा कागद कुठल्याही कचेरीत दाखवा. बोलावतील तिथं मी येईन.' खाली पूर्ण नाव, तेव्हाचा हुद्दा आणि सही.

वर तारीख घातली. ती वार तपासणार, म्हणून कॅलेंडर काढून दोनदा पाहिलं. बुधवार, १२ नोव्हेंबर २००८.

एवढ्यानं काय होणार, हे मला कळत नाही. अकरा वाजता पोस्टात गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.