काळज्यांची आवक

लहान मुलांच्या मनातली भीती फक्त प्रेमानं जाते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांनी तहसील कचेरीत नोकरी केलेली नसते. वसंतरावांनी केली होती. एकतीस वर्षं, त्यातली अठरा टंचाई शाखेत, म्हणजे पाणी आटलेल्या गावांचे टँकरसाठीचे अर्ज येतात त्या टेबलावर. प्रेमानं एकही अर्ज निकाली निघाल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

आता ते निवृत्त होते, विधुर होते आणि लोहाऱ्यात दोन खोल्यांत एकटे होते. शेजारच्या इरम्मा सकाळी भाकरी करून द्यायच्या, तेव्हा दोन वाक्यं व्हायची. मग दिवसभर पंखाच काय तो बोलायचा. मे महिन्यात मात्र पुण्याहून नात यायची. अक्षरा, वय नऊ. यंदा तीही येणार नव्हती.

"अण्णा, ती गाडीतच बसत नाही," मुलगा गौरीशंकर फोनवर म्हणाला. "शाळेत पृथ्वी तापतेय म्हणून काहीतरी दाखवलं. तेव्हापासून गाडीच्या धुराचा धसका घेतलाय. नीट झोपत नाही. समुपदेशक म्हणतात, जबरदस्ती करू नका."

"मग एसटीनं आण."

"एसटीचा पण धूर असतो म्हणते."

लोहाऱ्याची एसटी वसंतरावांनी पाहिलेली होती.

थोडक्यात, नातीची भीती गेली तर नात येणार. पहिल्या दिवशी त्यांनीही थोरांचंच ऐकलं. संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल लावून म्हणाले, "घाबरायचं नाही बाळा, काही होत नसतं."

"आबा, आज तुमच्याकडे तापमान किती आहे?"

"बेचाळीस."

"मग?" असं म्हणून अक्षरा त्यांच्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ते कोरं रजिस्टर घेऊनच बसले.

"अक्षू, काळजी तोंडी चालायची नाही. लेखी अर्ज कर. प्रति, आबा, टंचाई शाखा."

"कशाला?"

"काळजी डोक्यात आहे तोवर ती तुझी. आवक क्रमांक पडला की ती कचेरीची. मग जागरण कचेरीनं करायचं."

अर्जाचा फोटो आला. क्रमांक एक : उत्तर ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे. वसंतरावांनी शेरा मारला, 'विषय लोहारा तालुक्याच्या हद्दीबाहेरचा. संबंधितांकडे वर्ग.'

"संबंधित म्हणजे कोण, आबा?"

"ते शोधण्यातच माझी नोकरी संपली."

अक्षरा हसली. बऱ्याच दिवसांनी, असं मागून सूनबाईंचा आवाज आला.

क्रमांक चारमध्ये चिमण्या होत्या. त्या संपत चालल्यात का, असा प्रश्न होता. वसंतराव परसात वाटीभर पाणी ठेवून भर उन्हात खुर्ची टाकून बसले.

"काय ओ साहेब, उन्हात काय करायलाव?" इरम्मांनी कुंपणापलीकडून विचारलं.

"स्थळपाहणी. चिमण्या मोजतोय."

"लई आल्यात का?"

"तीन."

"तिनाला काय बसून मोजायचं? येता-जाता कळतंय की."

तरी अहवाल रीतसर गेला. तीन आढळल्या, पैकी एक पाणी पिताना.

नववा अर्ज एका ओळीचा होता. 'लोहाऱ्याचं पाणी संपलं तर आबा एकटे काय करतील?'

वसंतरावांनी पेन टेकवलं. ते तसंच टेकलेलं राहिलं. हद्दीबाहेरचं म्हणायची सोय नव्हती.

"आबा, पोचला का अर्ज?"

"पोचला." ते चष्मा काढून पुसायला लागले. "एका वर्षी खरंच संपलं होतं, अक्षू. विहिरी, बोअर, सगळंच. एका वस्तीवरची बाई रोज येऊन माझ्या टेबलापुढं उभी राहायची. बोलायची काही नाही. मला तिची भीती वाटायची."

"मग?"

"मग टँकर आला."

"वेळेवर?"

इथं खोटं बोलायला पूर्ण वाव होता.

"नाही. चार दिवस उशिरा. तोवर शेजारच्या वस्तीनं आपल्यातलं दिलं."

अक्षरानं मोबाइल जवळ ओढला.

"म्हणजे काळजी करण्यासारखं आहे?"

"आहे. पण एकटीनं नाही."

मग त्यांनी शेरा लिहिला आणि तिला वाचून दाखवला. 'काळजी रास्त. पैकी निम्मी या कार्यालयाने ठेवून घेतली आहे. अर्जदाराने झोपावे.'

अर्जदार झोपली. सकाळी साडेसातपर्यंत झोपली, शाळेची पहिली घंटा चुकली, असा सूनबाईंचा निरोप आला. त्यात तक्रार होती की आनंद, ते कळलं नाही.

पुढं अर्ज एक दिवसाआड झाले, मग आठवड्याला एक. चौदावा गणिताच्या परीक्षेबद्दल होता. पंधरावा आलाच नाही. वसंतराव सहा वाजता रजिस्टर उघडून बसत आणि सात वाजता मिटत. टंचाई शाखेत आवक थांबणं ही चांगल्या पाऊसपाण्याची खूण, हे त्यांना पटत होतं. आवडत नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःच फोन लावला. अक्षरा पोहायला गेली होती.

एप्रिलअखेर गौरीशंकरचा फोन आला.

"अण्णा, तुम्ही तर कमालच केली! समुपदेशकांना तीन महिन्यांत जमलं नाही. आता मजेत गाडीत बसते. काल लोणावळ्याला जाऊन आलो."

"छान. मग मे महिन्यात तुम्ही..."

"त्यासाठीच फोन केला. आम्ही भीत भीत विचारलं, तर विमानालासुद्धा हो म्हणाली! सुट्टीभराचं सिंगापूर ठरवलं. सगळं तुमच्यामुळं, अण्णा."

"चांगलं झालं," वसंतराव म्हणाले.

सकाळी इरम्मांनी भाकरी ठेवता ठेवता विचारलं, "नात कवा येती?"

"तिची भीती गेली."

"बेस झालं की. मग कवा येती?"

"येत नाही."

सिंगापूर विमानानं साडेपाच तासांवर आहे. पुण्याहून लोहारा गाडीनं सहा.